ॲप उघडलं की लगेच बंद पडतंय? फोनला दोष देण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

२३ मार्च २०२१ च्या सकाळी भारतात अनेकांच्या अँड्रॉइड फोनवर जीमेल उघडेना. उघडलं तरी डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बंद. इतरही बरीच ॲप्स तशीच वागत होती. लोकांनी मग नेहमीचे उपाय सुरू केले. कुणी फोन बंद करून चालू केला, कुणी ॲप काढून टाकून पुन्हा घेतलं, कुणी फोनच जुना झाला म्हणून नव्याची चौकशी केली.

यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही, कारण बिघाड फोनमध्ये नव्हताच. तो होता 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू' नावाच्या, बहुतेकांनी कधी नावही न ऐकलेल्या एका घटकात. काही तासांनी गूगलने क्रोम आणि वेबव्ह्यूची दुरुस्त आवृत्ती दिली आणि फोन पूर्ववत झाले.

ॲप बंद पडणं ही तशी रोजची, वैताग आणणारी गोष्ट. पण आता पगार, पेन्शन, पीक पाहणी, हजेरी, वीजबिल, डॉक्टरची वेळ असं सगळंच ॲपवर आलंय. त्यामुळे ॲप बंद पडलं की काम अडतं, आणि चुकीचा उपाय केला तर फोनमधली माहितीही जाते. म्हणून हे नेमकं का होतं, आपल्या हातात काय आहे आणि कोणती जबाबदारी आपली नाहीच, हे समजून घ्यायला हवं.

'क्रॅश' म्हणजे नेमकं काय?

लोक तीन वेगवेगळ्या गोष्टींना 'ॲप चालत नाही' असं म्हणतात. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिली गोष्ट खरा क्रॅश. ॲपसमोर अशी स्थिती येते की पुढे काय करायचं हे त्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नसतं. अशा वेळी फोनची ऑपरेटिंग सिस्टीम ते ॲप बंद करून टाकते. आपल्याला दिसतं ते एवढंच की स्क्रीन गेली आणि आपण होम स्क्रीनवर आलो.

दुसरी गोष्ट ॲप गोठणं. बटण दाबलं तरी काही होत नाही. अँड्रॉइडमध्ये साधारण पाच सेकंद ॲपने प्रतिसाद दिला नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची चौकट येते आणि थांबायचं की बंद करायचं, असं विचारलं जातं.

तिसरी गोष्ट सर्व्हर बंद असणं. इथे ॲप व्यवस्थित उघडतं, पण चक्र फिरत राहतं किंवा 'नंतर प्रयत्न करा' असा संदेश येतो. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय व्यवहार अडकले, तेव्हा लोकांच्या फोनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. अडचण पलीकडच्या यंत्रणेत होती. अशा वेळी ॲप काढून पुन्हा घेतल्याने काहीही साधत नाही.

ॲप बंद पडतं, त्यामागची कारणं

सगळ्यात नेहमीचं कारण जागेचं. फोनमध्ये दोन प्रकारची जागा असते आणि त्यांची हमखास गल्लत होते. स्टोरेज म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ, जिथे सगळं सामान ठेवलेलं असतं. रॅम म्हणजे ओटा, जिथे आत्ता लागणारं तेवढंच काढून ठेवायचं. ओटा लहान असेल तर एका वेळी चार पदार्थ करता येत नाहीत. रॅम कमी पडली की अँड्रॉइड आधी मागे चालू असलेली ॲप्स बंद करतं आणि तरीही भागलं नाही तर समोरचं ॲपही बंद पडू शकतं. फडताळ गच्च भरलं असेल तर वेगळा घोळ होतो. ॲपला तात्पुरत्या फाइल ठेवायला किंवा अपडेट उतरवायला जागाच उरत नाही.

दुसरं कारण जुनी ऑपरेटिंग सिस्टीम. ॲप बनवणाऱ्या कंपन्या कालांतराने जुन्या आवृत्त्यांसाठी काम करणं थांबवतात. ॲपलने २०१७ मध्ये आयओएस ११ आणलं तेव्हा जुनी ३२ बिटची ॲप्स आयफोनवर चालणंच बंद झालं. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड किटकॅटवर चालणाऱ्या फोनना साथ देणं थांबवलं. हे बिघाड नव्हेत, ठरवून घेतलेले निर्णय आहेत. पण हातात जुना फोन असलेल्याला परिणाम सारखाच जाणवतो.

तिसरं कारण परक्या घरचं सामान. आजचं कुठलंही ॲप पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्या कंपनीने लिहिलेलं नसतं. लॉगिन, नकाशा, जाहिरात, पेमेंट असे भाग दुसऱ्या कंपन्यांकडून तयार घेतले जातात. ६ मे आणि १० जुलै २०२० ला आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर अशी एकमेकांशी संबंध नसलेली ॲप्स एकाच वेळी बंद पडू लागली. दुवा एकच होता. या सगळ्यांमध्ये फेसबुकने दिलेला प्रोग्रॅमचा तुकडा बसवलेला होता आणि फेसबुकने आपल्या बाजूला केलेल्या बदलाने गडबड झाली होती. फेसबुकने लॉगिन न करणाऱ्यांचंही ॲप बंद पडत होतं.

२०२१ चा वेबव्ह्यूचा प्रकारही असाच. ॲपच्या आत वेब पान दाखवायचं असेल तर अँड्रॉइड ॲप्स वेबव्ह्यू वापरतात. त्यामुळे तो एक घटक कोसळला आणि त्याच्यावर उभी असलेली ॲप्सही कोसळली.

चौथं कारण आपल्या भाषांशी जोडलेलं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं 'ज्ञा' हे जोडाक्षर आयफोनवर आलं की मेसेजिंग ॲप्स बंद पडत होती. भारतीय लिप्यांत अक्षरं एकमेकांत मिसळून नवा आकार घेतात. तो आकार स्क्रीनवर काढताना ॲपलच्या प्रोग्रॅमची चूक होत होती. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ देऊन ती सुधारली. इंग्रजीपुरती चाचणी करून मोकळं झालं की काय होतं, याचं हे उदाहरण आहे.

आणि एक कारण ज्याला बिघाड म्हणता येणार नाही. फोन 'रूट' केलेला असेल किंवा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप चालू असेल, तर काही बँकांची ॲप्स सुरक्षेसाठी मुद्दाम चालत नाहीत.

उपायाआधी विचारायचे तीन प्रश्न

बहुतेक जण थेट ॲप काढून टाकण्यापासून सुरुवात करतात. खरं तर तो शेवटच्या उपायांपैकी एक आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधली तर अर्धं काम होतं.

एक, हे एकाच ॲपचं होतंय की अनेकांचं? एकच ॲप बंद पडत असेल तर दोष बहुधा त्या ॲपमध्ये किंवा त्याने फोनमध्ये साठवलेल्या माहितीत असतो. अनेक ॲप्स पडत असतील तर स्टोरेज, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा वेबव्ह्यूसारखा सामाईक घटक तपासावा.

दोन, हे फक्त माझ्याकडे होतंय की सगळ्यांकडे? घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच ॲप उघडून बघा. प्ले स्टोअरवर त्या ॲपखालचे सगळ्यात नवे अभिप्राय वाचा. गेल्या काही तासांत दहा जणांनी तीच तक्रार लिहिली असेल तर तुमच्या फोनला हात लावायची गरज नाही. वाट बघायची आणि अपडेट आलं की घ्यायचं.

तीन, हे कधीपासून होतंय? काल रात्री अपडेट आलं आणि आज सकाळपासून ॲप पडतंय, तर संशयित उघड आहे. नवं कीबोर्ड, बॅटरी वाचवणारं किंवा 'फोन साफ करणारं' ॲप घेतल्यापासून होत असेल तर ते आधी काढा.

मग काय करायचं, कोणत्या क्रमाने?

क्रम असा ठेवायचा की आधी माहिती न घालवणारे उपाय व्हावेत आणि माहिती घालवणारे उपाय शेवटी यावेत.

१. फोन एकदा बंद करून चालू करा. उपाय साधा आहे, पण रॅम रिकामी होते आणि अडकलेल्या प्रक्रिया सुटतात.

२. ॲप अपडेट करा. अनेक ॲप्स पडत असतील तर क्रोम आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू हे दोन्ही प्ले स्टोअरमधून अपडेट करा. फोनचंही सिस्टीम अपडेट आलंय का, ते बघा.

३. स्टोरेज तपासा. जागा जवळजवळ संपली असेल तर व्हॉट्सॲपवर आलेले 'शुभ सकाळ'चे फोटो आणि व्हिडिओ यांच्यापासून सुरुवात करा. अनेक फोनमध्ये सगळ्यात जास्त जागा तेच खातात.

४. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्या ॲपवर 'फोर्स स्टॉप' करा आणि मग 'क्लिअर कॅश' करा. कॅश म्हणजे इथे पैसे नव्हेत. ॲपने पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी पटकन सापडाव्यात म्हणून बाजूला ठेवलेली ती तात्पुरती साठवण असते. ती पुसली तर फार तर पहिल्यांदा ॲप हळू उघडेल.

५. परवानग्या बघा. कॅमेरा उघडतानाच ॲप पडत असेल तर त्याला कॅमेऱ्याची परवानगी आहे का, नकाशा उघडताना पडत असेल तर लोकेशनची आहे का, हे तपासा.

६. अँड्रॉइड फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. यात तुम्ही बाहेरून घेतलेली ॲप्स थांबवली जातात. सेफ मोडमध्ये फोन नीट चालला तर दोष अशाच एखाद्या ॲपचा आहे.

७. एवढं करूनही भागलं नाही तरच ॲप काढून पुन्हा घ्या. आयफोनवर प्रत्येक ॲपसाठी कॅश पुसण्याचं वेगळं बटण नसतं, पण 'ऑफलोड ॲप' हा पर्याय असतो. त्यात ॲप जातं आणि त्यातली माहिती फोनमध्येच राहते.

एका बटणाने घात होऊ शकतो

'क्लिअर कॅश'च्या शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असं बटण असतं. दोन्ही एकच समजून अनेक जण तेही दाबतात. पण या बटणाने ॲप अगदी कोरं होतं. लॉगिन जातं, सेटिंग्ज जातात, बँकेच्या ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागते. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतलेला नसेल तर जुनं बोलणं गमवायची वेळ येते. ओटीपीऐवजी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप पुसलं आणि त्याचा बॅकअप नसला, तर इतर खात्यांत शिरणंही अवघड होतं.

सगळ्यात मोठा धोका नेटवर्क नसताना भरलेल्या माहितीला असतो. गावात रेंज नाही म्हणून नोंद फोनमध्ये ठेवली, ती अजून वर गेलेली नाही आणि मध्येच ॲप पडतं म्हणून डेटा पुसला, तर ती नोंद कायमची गेली. फॅक्टरी रीसेट हा तर त्याहून टोकाचा उपाय. २३ मार्च २०२१ ला कुणी वैतागून फोन रीसेट केला असेल, तर त्याने गूगलच्या चुकीसाठी स्वतःचे फोटो घालवले असणार.

पैसे पाठवताना ॲप पडलं तर?

इथे घाई महागात पडते. ॲप पडलं म्हणून पैसे गेलेच नाहीत, असं धरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी बँकेचा एसएमएस आणि खात्याचा उतारा बघा. ॲप हा फक्त दरवाजा आहे. व्यवहार बँकांच्या सर्व्हरवर होतो आणि तो ॲप बंद पडल्यावरही पूर्ण झालेला असू शकतो.

खात्यातून पैसे कापले गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम तुमच्या बाजूने आहे. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

गूगलवर 'अमुक ॲप कस्टमर केअर' असं शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करणं मात्र टाळाच. ॲप बंद पडल्यावर माणूस घाईत असतो आणि भामटे त्याच क्षणाची वाट बघत असतात. कुणी व्हॉट्सॲपवर 'दुरुस्त ॲप' म्हणून एपीके फाइल पाठवली किंवा स्क्रीन दाखवायला सांगितली, तर समजून घ्या की हा सापळा आहे. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवा.

जेव्हा ॲप बदलायची सोय नसते

खासगी ॲपच्या बाबतीत बाजाराचा थोडाफार धाक असतो. दिवसभरात ॲप वापरणाऱ्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना क्रॅश दिसला किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांना ॲप गोठलेलं दिसलं, तर गूगल ते ॲप प्ले स्टोअरवर कमी ठळकपणे दाखवू शकतं. एखाद्या ठरावीक मॉडेलच्या फोनवर हे प्रमाण ८ टक्क्यांपुढे गेलं, तर त्या फोनवाल्यांना स्टोअरमध्ये इशाराही दिसू शकतो. शिवाय खाण्याचं एक ॲप पडलं तर माणूस दुसऱ्यावरून मागवतो.

सरकारी कामाच्या ॲपला पर्याय नसतो. महाराष्ट्राने हे जवळून पाहिलंय. मार्च २०२१ मध्ये केंद्राने 'पोषण ट्रॅकर' आणलं. अंगणवाडी सेविकांनी बालकांची आणि गरोदर मातांची माहिती त्यात भरायची होती. सेविकांकडचे सरकारी फोन त्याआधीच दिलेले, २ जीबी रॅमचे. फोन गरम होतात, अडकतात, ॲप चालत नाही आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा तक्रारी आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. ओट्याचं उदाहरण इथे लागू पडतं. जड ॲप आणि लहान ओटा यांची जोडी लावली कुणी, हा त्यांचा प्रश्न होता.

ई-पीक पाहणीचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या योजनेत शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढून नोंद करायची असते. ही नोंद सातबाऱ्यावर चढते आणि नुकसानभरपाई, पीक विमा, हमीभाव खरेदी यांसाठी ती पाहिली जाते. हंगामात सर्व्हरवर ताण येऊन ॲप चालत नसल्याच्या तक्रारी होत राहिल्या आणि मुदत वाढवून द्यावी लागली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ॲप पडणं म्हणजे भरपाईच्या यादीतून नाव गळण्याची भीती.

रोजगार हमीच्या मजुरांच्या वाट्याला हा अनुभव रोज आला. १ जानेवारी २०२३ पासून त्यांची हजेरी 'एनएमएमएस' ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून नोंदवणं सक्तीचं झालं. फोटो वर गेला नाही तर काम करूनही हजेरी लागत नाही, अशी तक्रार घेऊन त्या वर्षी देशभरातले मजूर दिल्लीत जंतरमंतरवर बसले होते. ॲप पडल्याचा भुर्दंड त्यांच्या मजुरीवर पडत होता.

या तिन्ही ठिकाणी 'कॅश क्लिअर करा' हा सल्ला फार पुढे नेत नाही. फोन कोणता आहे, रेंज किती आहे, भाषा कोणती आहे, हे लोकांनी ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे अशा ॲपकडून तीन गोष्टींची अपेक्षा धरणं गैर नाही. लोकांच्या हातात असलेल्या साध्या फोनवर आधी चाचणी व्हावी. नेटवर्क नसतानाची नोंद त्या वेळेची म्हणूनच धरली जावी. आणि ॲप चाललं नाही, तर कागदावर किंवा माणसाकरवी काम करून घेण्याची सोय आधीपासून जाहीर असावी. पीक पाहणीत शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या शेतांची नोंद सहाय्यकांमार्फत करण्याची तरतूद झाली, ती याच दिशेची.

तक्रार करताना काय लिहायचं?

'ॲप चालत नाही, बकवास आहे' एवढ्या अभिप्रायावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच कळत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, तारीख आणि वेळ, कोणत्या पानावर कोणतं बटण दाबल्यावर ॲप पडलं, एवढं लिहा. जमलं तर स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. मात्र प्ले स्टोअरचे अभिप्राय सगळ्यांना दिसतात. तिथे आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा मोबाइल नंबर टाकू नका.

काम मुदतीचं असेल तर आणखी एक काळजी घ्या. चुकीच्या संदेशाचा, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याच दिवशी तलाठी, बँक किंवा संबंधित कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. राज्य सरकारच्या कामासाठी 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. विकत घेतलेल्या सेवेबद्दल १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. उद्या मुदत संपल्यावर 'तुम्ही अर्जच केला नाही' असं कुणी म्हणालं, तर तुमच्याकडे दाखवायला तेवढा एक कागद असेल.